तीस नोव्हेंबरची बारीक अक्षरे

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या खणात रबरबँड, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या गर्दीत माझ्यासारखे कोणीतरी नक्की पडलेले असेल. मी एक जुने भिंग आहे. पितळेची कडी, काळी मूठ आणि मुठीच्या टोकाचा उडालेला टवका, एवढीच माझी ओळख. तुमच्या हाती लागले तर तुम्ही मला आधी मुंगीवर धराल, मग बहिणीच्या नाकावर धराल आणि खूप हसाल. खुशाल हसा, मलाही त्यात मजा वाटते. पण माझी खरी हौस वेगळीच आहे. मला सतत पुढचा शब्द हवा असतो.

त्याचे असे आहे, की मला एका वेळी चार-पाच शब्दांपलीकडे दिसत नाही. वाक्य मोठ्या तोऱ्यात सुरू होते आणि माझ्या कडेशी येऊन तुटते. पुढे काय असेल? धरणाऱ्याचा हात सरकला तरच ते कळणार. तेवढ्यात त्याला कोणी चहाला हाक मारली, की माझा जीव टांगणीला लागतो. अशी कित्येक अर्धी वाक्ये मी आजवर मनात घेऊन बसले आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. काचेच्या जाड चकतीला ओल्या तांबूस पुडीने घासून घासून मला फुगीर करण्यात आले. मला घासणाऱ्या बाईंनी शेवटी उजेडाकडे धरले आणि माझ्यातून स्वतःचा अंगठा पाहिला. जगात मी पाहिलेली पहिली वस्तू म्हणजे तो अंगठा. त्यावर रेघांची नुसती नांगरट होती. या रेघा कुठे जातात, हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर मिळायच्या आत मला कागदात गुंडाळले गेले.

कागद सुटला तो थेट लखनऊला, अमीनाबादच्या एका दुकानात. तिथे मिरजेहून नोकरीसाठी आलेले एक तरुण अभियंते मला बघायला आले. त्यांचे नाव बाळकृष्ण. त्यांनी खिशातले बसचे तिकीट काढले, माझ्याखाली धरले, तिकीट छापणाऱ्या छापखान्याचे नावसुद्धा वाचले आणि खूश होऊन मला विकत घेतले. तिकिटाच्या पाठीमागे काय होते, ते मात्र त्यांनी मला दाखवले नाही.

बाळकृष्ण रेल्वेच्या संशोधन कार्यालयात काम करत. रुळांना आणि रुळांच्या जोडांना कुठे तडा जातो, का जातो, किती वाढतो, हे पाहणे हा त्यांचा उद्योग. चौतीस वर्षे मी त्यांच्या खिशात राहिले. मेमध्ये रूळ इतके तापत, की माझी पितळी कडीही चटका देई. जानेवारीत इतके धुके असे, की माझ्यावर सारखी वाफ धरे आणि ते मला मफलरच्या टोकाने पुसत. रुळांखालच्या दोन आडव्या स्लीपरांच्या मध्ये उकिडवे बसून ते मला रुळाला भिडवत. मग मला त्या काळ्या पोलादात केसाएवढी रेघ दिसे. ती आत किती खोल गेली असेल? परवा होती तेवढीच आहे की वाढली? मित्रांनो, उत्सुकतेने मी वेडे व्हायचेच बाकी राही.

त्या कामाचा एक नियम होता, तो तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढे त्यानेच घोटाळा केला. तडा मोठा असेल तर रूळ ताबडतोब काढायचा. तडा लहान असेल तर शेजारी लाल रंगाची खूण करायची आणि ठराविक दिवसांनी येऊन पाहायचे. याला ते लोक ‘ऑब्झर्व्हेशनवर ठेवणे’ म्हणत. बाळकृष्णांचे निम्मे आयुष्य या ऑब्झर्व्हेशनमध्ये गेले. एकदा एका पहाटे सगळ्यांनी ठीक म्हणून सोडलेल्या जोडात त्यांनी माझ्यातून बारीक फट शोधली. गाडी पाऊण तास थांबली, पण रूळ बदलला गेला. मोठे साहेब म्हणाले, “नज़र हो तो ऐसी!” ती नजर अर्धी माझी होती, हे कोणी म्हटले नाही. बाळकृष्णांनी मात्र संध्याकाळी मला साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसले. मला तेवढे पुरले.

एकतीस मेला बाळकृष्ण निवृत्त झाले. त्याच दिवशी त्यांचे मित्र आत्मारामही निवृत्त झाले. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागले होते, दोघांनी तेलीबागेत दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरे बांधली होती, आणि रोज रात्री आठ वाजता एकाने दुसऱ्याला फोन करायचा, हा त्यांचा कधी न चुकलेला रिवाज होता.

निवृत्तीनंतर माझी रवानगी हॉलमधल्या टेबलाच्या खणात झाली. रूळ गेले, धुके गेले, खिशाची ऊब गेली. अधूनमधून बाळकृष्णांच्या पत्नी, सरोजबाई, सुईत दोरा ओवायला मला बाहेर काढत, म्हणून माझा उजेडाशी संबंध राहिला. खणात माझ्याशेजारी एक पिवळे पाकीट होते. त्यावर लाल पेन्सिलीने खूण केलेली होती. आतल्या बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, या विचाराने मी उरलेला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढला.

ते पाकीट खणात आले तो दिवस मला आठवतो. निवृत्त अभियंत्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी एक पूरक आरोग्य विमा घेतला होता. त्याचे चार पानी पत्रक दोघा मित्रांना मिळाले होते. आत्माराम ते हातात घेऊन आले आणि म्हणाले, “बाळकृष्णा, हे घ्यायचं का रे? अक्षरं इतकी बारीक आहेत, मला तर पहिल्याच पानावर झोप आली.”

बाळकृष्णांनी पहिले पान वाचले, तेही नुसत्या चष्म्याने. मला उचललेसुद्धा नाही! “उपचारांसाठी आपल्याला रेल्वेचं आहेच की,” ते म्हणाले. “हे त्याच्यावरचं. त्यातून जे सुटेल त्याच्यासाठी. आत्ता आपण ठणठणीत आहोत. ऑब्झर्व्हेशनवर ठेवू. काही कुरबूर सुरू झाली की बघू.”

“तू म्हणतोस ना, मग थांबतो,” आत्माराम म्हणाले आणि निर्धास्तपणे चहा पिऊन गेले. बाळकृष्णांनी आपले पत्रक पिवळ्या पाकिटात घातले, वर लाल खूण केली आणि खणात टाकले.

मग आली एकोणतीस नोव्हेंबरची दुपार. सरोजबाईंना साडीला फॉल लावायचा होता. त्यांनी खण उघडला, मला घेतले, आणि माझ्या कडीत अडकून ते पिवळे पाकीटही बाहेर आले. सुई राहिली बाजूला. सरोजबाई माझ्याच जातीच्या निघाल्या. त्यांनाही आत काय आहे ते बघायचे होते. त्यांनी पत्रक उलगडले आणि मला तिसऱ्या पानाच्या तळाशी ठेवले, जिथे अक्षरे खसखशीएवढी होती.

पत्रक हिंदीत होते, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. मला आधी दिसले, ‘निवृत्तीच्या तारखेपासून सहा’. सहा काय? दिवस? वर्षे? बाईंचा हात सरकला. ‘महिन्यांच्या आत नाव नोंदवल्यास’. नोंदवल्यास काय? ‘कोणतीही वैद्यकीय तपासणी नाही, प्रकृतीविषयी प्रश्न नाहीत, जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण’. मग खालची ओळ. ‘त्यानंतर अर्ज केल्यास तपासणी सक्तीची, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षे प्रतीक्षा’. त्याच्याही खाली, ‘पती किंवा पत्नीचे नाव त्याच अर्जात’.

सरोजबाईंनी बोटे मोजली. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. त्यांनी साडी बाजूला सारली आणि मला पुन्हा त्याच ओळीवर धरले. वाचलेलीच ओळ पुन्हा का वाचावी, ते मला कळेना.

संध्याकाळी बाळकृष्ण फिरून आले. सरोजबाईंनी पत्रक पुढे केले.

“अहो, हे वाचलंत का?”

“वाचलंय ना. ऑब्झर्व्हेशनवर ठेवलंय ते.”

“कधीपर्यंत?”

“गरज पडेपर्यंत. घाई काय आहे?”

“उद्या शेवटची तारीख आहे.”

“कुणी सांगितलं?”

 बाईंनी मला बाळकृष्णांच्या हातात दिले. सहा महिन्यांनी तो ओळखीचा अंगठा माझ्या मुठीवर आला आणि मला फार बरे वाटले. बाळकृष्णांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

“पण नंतरही घेतातच की,” ते जरा अडखळत म्हणाले. “फक्त तपासणी होते.”

“पुढची ओळ वाचा.”

त्यांनी मला खाली सरकवले. तीन वर्षे प्रतीक्षा. त्यांचा श्वास माझ्या काचेवर आला आणि अक्षरे धूसर झाली.

सरोजबाई खुर्चीत बसल्या. हसतच म्हणाल्या, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. “मलाही तुम्ही ऑब्झर्व्हेशनवरच ठेवलंय का हो?”

बाळकृष्णांनी मला टेबलावर ठेवले आणि बायकोकडे पाहिले. “म्हणजे?”

“गच्चीचा जिना चढवत नाही मला. मध्ये थांबावं लागतं. तुम्ही बरोबर असलात की मी पेरूवरचे पोपट बघते असं दाखवते.”

“कधीपासून?”

“मलिहाबादचे दशहरी आंबे आणले होते ना, त्या सुमारास.”

“म्हणजे जून! सरोज, अगं, सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही इतक्या वर्षांनी मोकळे झाला होतात. म्हटलं, जाईल आपोआप. मीही थोडे दिवस बघत होते.”

मित्रांनो, त्या घरात दोन माणसे सहा महिने एकेक तडा नुसती बघत बसली होती, आणि दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली.

बाळकृष्णांनी मुलीला, अमृताला, फोन लावला. अमृता तिथल्याच एका संशोधन संस्थेत वैज्ञानिक आहे. तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर हिंदीतच येते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबा, ये कोई पटरी है क्या, कि पहले क्रैक दिखेगा फिर बदलेंगे? आप फॉर्म भरिए. सुबह मैं गाड़ी लेकर आती हूँ.”

मग नुसती धावपळ सुरू झाली. पेन्शनचा कागद सापडला, आधार कार्डे सापडली, पण सरोजबाईंचा एकटीचा फोटोच घरात नव्हता. एका फोटोत शेजारी लोणच्याची बरणी होती, दुसऱ्यात अर्धी नणंद. बाळकृष्ण माझ्यातून अर्जाची एकेक चौकट वाचत होते आणि भरत होते. आठ वाजता फोन वाजला. आत्माराम होते.

“अरे, आज जरा गडबडीत आहे,” बाळकृष्ण म्हणाले. “उद्या बोलतो सावकाश.” आणि फोन ठेवून ते पुन्हा चौकटीकडे वळले.

मी तिथेच होते. खरे सांगते, पुढच्या चौकटीत काय आहे हेच मलाही पाहायचे होते. मलाही काही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याने दुकान उघडायला साडेदहा वाजवले. रायबरेली रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. छावणीच्या बाजूला संघटनेची दोन खोल्यांची कचेरी आहे, तिथे पोहोचेपर्यंत दुपार झाली. तिथल्या श्रीवास्तवजींनी अर्ज घेतला, फोटो पाहिले, सह्या पाहिल्या. बाळकृष्णांचा स्वभाव सरळ. त्यांना राहवेना. “श्रीवास्तवजी, इनकी साँस फूलती है. वो कहाँ लिखना है?”

सरोजबाईंनी घाईने त्यांची बाही ओढली. मी खिशात होते, तरी मला तो हिसका बसला.

“कहीं नहीं, साहब,” श्रीवास्तवजी म्हणाले. “छह महीने के अंदर हम पूछते ही नहीं. इसीलिए तो छह महीने रखे हैं. कल तशरीफ़ लाते तो हम आपको बस चाय पिला पाते.”

शिक्का पडला. ३० नवंबर. बाळकृष्णांनी मला खिशातून काढून तो शिक्का पाहिला. शाई ओली होती, तिच्या कडा कागदात हळूहळू पसरत होत्या. इतका सुंदर आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सरोजबाईंना तपासले. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया करायचे ठरले. भीती होतीच, पण उपचार कुठे घ्यायचे, कसे घ्यायचे, याचा घोर नव्हता. घरात जरा शांत वाटू लागले. आठच्या फोनवर रोज झडपेचेच बोलणे होई, पत्रकाचे नाव निघाले नाही.

आणि पाच डिसेंबरला सकाळी आत्माराम आले. त्यांच्या हातात मक्खन मलाईचे दोन द्रोण होते. लखनऊच्या थंडीत ही फेसाळ मलाई पहाटे विकायला येते आणि ऊन वर आले की बसते. “वहिनींना आवडते म्हणून धावत आणली,” ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. “बाळकृष्णा, वहिनींचं ऐकलं आणि मी विचारात पडलो. मला तर आठ वर्षांची साखर आहे. तुझ्या त्या ऑब्झर्व्हेशनचं काय झालं? आपणही आता ते पूरक विम्याचं उरकून टाकू या का?”

  बाळकृष्णांनी खण उघडला, पत्रक काढले, तिसरे पान उलगडले आणि मला मित्राच्या हातात दिले.

तीच अक्षरे होती. निवृत्तीच्या तारखेपासून सहा. आत्मारामांचा हात सरकू लागला आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचा शब्द नको झाला. कोणीतरी चहाला हाक मारावी, दिवे जावेत, काहीही व्हावे, असे मला वाटले. पण भिंगाला डोळे मिटता येत नाहीत. मी त्यांना सगळे दाखवले.

“म्हणजे तारीख गेली,” आत्माराम म्हणाले.

“पाच दिवस झाले.”

“तुला कधी कळलं?”

“एकोणतीसला.”

“मी त्या रात्री फोन केला होता.”

“हो.”

बस, एवढेच. आत्माराम रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला पत्रकावर अलगद ठेवले, द्रोण सरोजबाईंच्या बाजूला सरकवला आणि म्हणाले, “वहिनी, आधी हे खाऊन घ्या.” बाळकृष्ण मान खाली घालून बसले होते. रुळांवर उभ्या जन्मात त्यांच्या नजरेतून काही सुटले नव्हते आणि घरापासून फक्त दोन गल्ल्या पलीकडे राहणारा मित्र सुटला. मी त्यांना रडताना त्याच दिवशी पाहिले.

सरोजबाईंची शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्या आता बऱ्या आहेत आणि मला पूर्वीसारख्याच सुईवर धरतात. आत्मारामांनी उशिराच्या रस्त्याने अर्ज केला. तपासण्या झाल्या, नाव नोंदले गेले, पण साखरेमुळे उद्भवणाऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी तीन वर्षे थांबायचे आहे. त्यातले अजून एक वर्ष उरले आहे. दर महिन्याला बाळकृष्ण त्यांना रक्त तपासायला घेऊन जातात. अहवालातले आकडे माझ्यातून बघतात, खरे तर ते मोठ्या अक्षरांत असतात. आठचा फोन चालू आहे. पूर्वी कोण आधी करतो याची चढाओढ असे, आता बाळकृष्णच आधी करतात.

मित्रांनो, हा नियम त्या एका संघटनेचा होता. तुमच्या आजी-आजोबांच्या कागदावर दुसरी मुदत असेल, दुसऱ्या अटी असतील. त्या काय आहेत ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच मला त्या वाचायच्या आहेत! तेव्हा आज घरी गेल्यावर खण उघडा. माझ्या एखाद्या भावंडाला बाहेर काढून पुसा, आजीला शेजारी बसवा आणि पानाच्या तळाची ओळ मोठ्याने वाचा. वाक्य कडेशी तुटले तर तिथे थांबू नका, हात सरकवा.

आणि वाचून झाले की भिंग लगेच खाली ठेवून स्वतःच्या घाईला लागू नका. तुमच्या घरातल्या कोणी कधी कोणाला ‘थांब, बघू’ असे सांगितले आहे का, ते विचारा. असेल, तर त्या माणसाला आधी फोन करा.